उत्तर ध्रुव आणि अपोलो बंदर : प्रस्तावना

मुंबईच्या अपोलो बंदरावर समुद्राची पातळी मोजायला १८७८ साली सुरुवात झाली. तिथे गेटवे ऑफ इंडिया उभे राहायला अजून चार दशकांहून अधिक काळ होता. हिंदी महासागराच्या काठावरच्या सर्वांत जुन्या आणि प्रदीर्घ नोंदींमध्ये आज या नोंदीची गणना होते. समुद्र चढतो आहे का आणि चढत असेल तर किती, याचा शोध घेणाऱ्या अभ्यासकांना मुंबईच्या या आकड्यांपाशी यावेच लागते. शंभर वर्षांचा हिशेब मांडला तर इथली पातळी वर्षाला एक मिलिमीटरहूनही कमी वेगाने चढलेली दिसते. मोजणाऱ्यांना स्वतःच्या हयातीत हा चढ डोळ्यांनी दिसणे शक्य नव्हते. तरीही एका पिढीने ते काम पुढच्या पिढीकडे सोपवले. जगातील समुद्रांची सरासरी पातळी आता वर्षाला चार मिलिमीटरच्या आसपास चढते आहे. हा वेग पूर्वीपेक्षा किती वाढला, हे खात्रीने सांगता येते ते अशाच जुन्या नोंदींच्या आधाराने.

हे पुस्तक आर्क्टिक प्रदेशाच्या पर्यावरणरक्षणाविषयी आणि तिथे चालणाऱ्या संशोधनाविषयी आहे. गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या वाचकाने ते का वाचावे, याचे उत्तर मुंबईच्या या नोंदीतच आहे. समुद्राला चढवणाऱ्या कारणांपैकी एक मोठे कारण उत्तर ध्रुवाजवळ आहे, आणि ते समजून घ्यायची रीत इथे आणि तिथे एकच आहे : एकाच जागी, एकाच पद्धतीने, खंड न पडू देता मोजत राहणे. निसर्गाचे रक्षण या चिकाटीवर उभे असते, हा या पुस्तकाचा गाभा आहे.

मराठी माणसाला आर्क्टिक अगदीच परके नाही. लोकमान्य टिळकांनी १८९७-९८ च्या तुरुंगवासात ऋग्वेदाचा जो अभ्यास केला, त्यातून ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ आकाराला आला आणि १९०३ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. उषेच्या सूक्तांतली लांबलेली पहाट आणि सहा महिन्यांचे दिवस-रात्र यांचा अर्थ त्यांनी ध्रुवप्रदेशाच्या आधारे लावला. त्यासाठी हिमयुगाविषयीचे त्या काळचे भूशास्त्रही अभ्यासले. आर्यांचे मूलस्थान ध्रुवावर होते हा त्यांचा सिद्धान्त आजचे संशोधक स्वीकारत नाहीत. पण ध्रुवावरची पहाट खरोखर किती दिवस चालते आणि तिथला बर्फ कधी पुढे सरकला, कधी मागे हटला, असे प्रश्न एका मराठी विद्वानाने सव्वाशे वर्षांपूर्वी गांभीर्याने विचारले होते. ते विचारण्याची हिंमत आपला वारसा आहे. त्यांची उत्तरे आज आपल्याला मोजमापाने मिळवायची आहेत.

टिळकांचे देहावसान १ ऑगस्ट १९२० रोजी सरदारगृहात झाले आणि गिरगाव चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला पॅरिसमध्ये स्वालबार्ड द्वीपसमूहाविषयीचा करार झाला होता. त्याने या बेटांवर नॉर्वेचे सार्वभौमत्व मान्य केले, करारातील देशांच्या नागरिकांना तिथे समान हक्क दिले, आणि प्राणी-वनस्पतींच्या रक्षणासाठी उपाय योजण्याचा अधिकार नॉर्वेकडे ठेवला. ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारताचे नावही त्या करारात आले. स्वतंत्र भारताने त्या हक्काचा उपयोग केला तो मात्र पुष्कळ उशिरा, २००७ साली.

ही वाट गोव्यातून गेली. अंटार्क्टिकाला जाणारी पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये मार्मागोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तिथे उतरली. मूळच्या नागपूरच्या आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करणाऱ्या अदिती पंत १९८३-८४ च्या मोहिमेत गेल्या. अंटार्क्टिकावर जाणाऱ्या पहिल्या दोन भारतीय महिलांपैकी त्या एक. पुढे १९९८ साली वास्कोला स्वतंत्र संशोधन केंद्र स्थापन झाले. आज ते राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र म्हणून ओळखले जाते. आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षाच्या निमित्ताने ऑगस्ट २००७ मध्ये भारताची पहिली आर्क्टिक मोहीम झाली. १ जुलै २००८ रोजी स्वालबार्डमधल्या न्यू ऑलेसुन या वस्तीत ‘हिमाद्री’ हे भारताचे केंद्र सुरू झाले. ते सुमारे ७९ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि तिथून ध्रुव साधारण १,२०० किलोमीटर उरतो.

न्यू ऑलेसुनची कहाणी गिरणगावच्या वाचकाच्या मनाला भिडेल. ही वस्ती मुळात कोळशाच्या खाणीसाठी वसली. एका कंपनीची खाण, कंपनीचीच घरे, कंपनीचेच दुकान. नोव्हेंबर १९६२ मध्ये खाणीत स्फोट होऊन २१ कामगार मेले. त्याचे पडसाद असे उमटले की पुढच्या वर्षी नॉर्वेचे सरकार पडले आणि खाण कायमची बंद झाली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर परळ-लालबागच्या गिरण्यांचे आणि त्यातल्या लाखो कामगारांचे काय झाले, हे इथे सांगायची गरज नाही. दोन्ही ठिकाणचा इतिहास वेगळा, माणसांची संख्याही वेगळी. पण कारखाना थांबल्यावर त्या जागेचे आणि तिथल्या माणसांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न दोन्हीकडे उभा राहिला. न्यू ऑलेसुनमध्ये त्याचे उत्तर विचारपूर्वक दिले गेले : खाणकामगारांच्या घरांतून प्रयोगशाळा आल्या, आणि त्या जमिनीचा उपयोग काय करायचा हे नियमांनी ठरले. शाश्वत विकास हा शब्द आपण वारंवार ऐकतो. एक उद्योग संपल्यावर जमीन आणि माणूस दोन्ही वाया जाऊ न देणे, हा त्याचा साधा अर्थ आपल्या गिरणगावला इतर कोणाहीपेक्षा अधिक कळतो.

या वस्तीतले नियमही समजून घेण्यासारखे आहेत. प्रत्येक प्रकल्पाची आधी नोंद करावी लागते, म्हणजे दोन देशांचे लोक तेच मोजमाप दोनदा करत नाहीत. पक्ष्यांच्या विणीच्या काळात ठरावीक भागांत पाऊल टाकायला मनाई असते. वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागतात, कारण तिथल्या रेडिओ दुर्बिणी अंतराळातून येणारे अतिक्षीण संकेत टिपतात आणि त्यावरून पृथ्वीचे फिरणे व जमिनीची हालचाल मोजली जाते. जवळच्या झेपेलिन डोंगरावर, ४७४ मीटर उंचीवरच्या वेधशाळेत हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि इतर घटक सतत मोजले जातात. खाली कोंग्सफ्योर्ड या खाडीत भारताने जुलै २०१४ मध्ये ‘इंडआर्क’ नावाची उपकरणांची साखळी सुमारे १९२ मीटर खोल पाण्यात सोडली. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचा तिच्यात मोठा वाटा आहे. माणसे परतल्यावरही पाण्याचे तापमान, क्षारता आणि प्रवाह यांची नोंद चालू राहावी, हा तिचा हेतू.

हिवाळ्याची नोंद मात्र बराच काळ अपुरी होती. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य उगवत नाही, आणि ‘हिमाद्री’त आपली माणसे मुख्यतः उन्हाळ्यातच राहत. डिसेंबर २०२३ मध्ये भारताची पहिली हिवाळी मोहीम निघाली. वास्कोच्या केंद्राबरोबर पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थाही तिच्यात होती. ध्रुवीय रात्रीच्या या नोंदींचे महत्त्व फार मोठे आहे, कारण आर्क्टिकची तापमानवाढ हिवाळ्यात सर्वांत ठळक असते. १९७९ पासूनचा हिशेब पाहिला तर आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे.

असे का घडते? बर्फावर पडलेले ऊन मोठ्या प्रमाणात परत फेकले जाते. उघडे समुद्राचे पाणी मात्र त्यातले बहुतेक पिऊन घेते. बर्फ कमी झाला की पाणी अधिक तापते, आणि पाणी तापले की बर्फ आणखी कमी होतो. सप्टेंबर हा आर्क्टिक समुद्रातला बर्फ सर्वांत कमी असण्याचा महिना. १९७९ मध्ये सप्टेंबरमधला बर्फ सुमारे सत्तर लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला होता, २०१२ मध्ये तो चौतीस लाखांपर्यंत आला. जमिनीवर गोठलेल्या मातीचा प्रश्न वेगळा आहे. ध्रुवप्रदेशातल्या या मातीत हवेतल्या कार्बनच्या जवळपास दुप्पट कार्बन साठलेला आहे. ती वितळली की त्यातला काही भाग कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन होऊन बाहेर पडतो.

आता मुंबईकडे येऊ. समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळल्याने पातळी जवळजवळ वाढत नाही. कोकम सरबतातला बर्फ विरघळला तरी पेला उतू जात नाही, तसेच हे. पातळी वाढवतो तो जमिनीवरचा बर्फ, आणि उत्तरेत त्याचा सर्वांत मोठा साठा ग्रीनलँडवर आहे. तो सगळा वितळला तर जगाचा समुद्र सात मीटरहून अधिक चढेल. तसे व्हायला शतकानुशतके लागतील, पण उपग्रहांच्या मोजणीनुसार २००२ पासून ग्रीनलँड दरवर्षी सरासरी अडीचशे अब्ज टनांहून अधिक बर्फ गमावत आहे. हे पाणी सगळीकडे सारखे पसरत नाही. ग्रीनलँडवरचा बर्फ इतका प्रचंड आहे की आजूबाजूचा समुद्र तो आपल्या गुरुत्वाकर्षणाने स्वतःकडे ओढून धरतो. बर्फ घटला की ही ओढ सैल होते, तिथले पाणी दूर सरते आणि ओझे उतरलेली जमीनही वर उचलली जाते. स्वालबार्डमध्येही जमीन अशीच उचलली जात आहे, त्यामुळे न्यू ऑलेसुनच्या किनाऱ्यावर समुद्र जमिनीच्या मानाने खाली चाललेला दिसतो. ग्रीनलँडचे जे पाणी तिथून सरते, त्याचा सरासरीपेक्षा मोठा वाटा उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यांना मिळतो. आपला किनारा त्यांपैकी एक आहे.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. हिंदमाता चौकात पाणी तुंबले की दोष आर्क्टिकला देणे खरे नाही. सात बेटे जोडताना मधल्या सखल जमिनीवर वस्ती झाली, आणि वरळीची खिंड बुजवून समुद्राला बाहेर ठेवले गेले. दादर-परळमधला हा भाग आजूबाजूपेक्षा खोलगट आहे, आणि शहराच्या पर्जन्यवाहिन्यांची बहुतेक मुखे मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहेत. म्हणून साडेचार मीटरहून मोठे उधाण आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की पाण्याला वाट उरत नाही. पालिकेने त्यासाठी पंपिंग स्टेशने उभारली, दादरच्या प्रमोद महाजन कला पार्कखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली साठवण टाक्या बांधल्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच दिवशी कुलाब्यात जेमतेम पाऊणशे मिलिमीटर. एका दिवसाच्या पावसाचे कारण इतके स्थानिक असू शकते. ग्रीनलँडमुळे होते ते एवढेच की भरतीचा पाया हळूहळू उंचावत जातो, आणि आज पुरणारा पंप उद्या अपुरा ठरतो. शहराच्या योजना पन्नास-पन्नास वर्षांसाठी असतात, म्हणून हा मंद बदलच सर्वांत महागात पडणारा आहे.

मान्सूनशी असलेल्या नात्याचाही शोध चालू आहे. वास्कोच्या केंद्रातील संशोधकांनी २०२१ साली रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ कमी होणे आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीच्या घटना वाढणे यांत संबंध असल्याचे मांडले. बर्फ घटल्याने वरच्या थरातल्या वाऱ्यांच्या लाटा बदलतात, त्यांचा परिणाम आशियापर्यंत येतो, आणि तापलेला अरबी समुद्र त्याला बाष्प पुरवतो, अशी ही साखळी आहे. ती सिद्ध झाली असे म्हणणे घाईचे ठरेल. गणेशोत्सवानंतरही न थांबणाऱ्या पावसाची सवय झालेल्या आपल्याला तिच्याकडे दुर्लक्ष करणेही परवडणार नाही.

हे नाते एकाच दिशेचे नाही. आपल्याकडूनही पुष्कळ काही तिकडे जाते. डीडीटी आणि पीसीबीसारखी चिवट रसायने उष्ण प्रदेशात वाफ होऊन उडतात, थंड प्रदेशात खाली बसतात, आणि वारे व समुद्रप्रवाहांबरोबर ध्रुवापर्यंत पोहोचतात. तिथे मासे, सील आणि अस्वल अशा चढत्या क्रमाने त्यांचे प्रमाण वाढत जाते. १९८० च्या दशकात उत्तर कॅनडातील इन्यूट मातांच्या दुधात ही रसायने दक्षिणेकडच्या मातांपेक्षा कितीतरी अधिक आढळली. त्यांनी ती कधी बनवली नव्हती, शेतात फवारलीही नव्हती. २००१ च्या स्टॉकहोम कराराच्या प्रास्ताविकातच आर्क्टिकच्या लोकांना असलेल्या या विशेष धोक्याचा उल्लेख आहे. भारताने २००६ साली त्याला मान्यता दिली. डीडीटीचे उत्पादन आपल्या शेजारच्या रायगडमधल्या रसायनी येथेही होत असे, आणि मलेरियाशी लढताना त्याचा उपयोगही झाला. म्हणून या प्रश्नात कुणाला खलनायक ठरवून भागत नाही. आपण हवेत आणि पाण्यात सोडलेली वस्तू कुठे जाऊन थांबते, याची जबाबदारी मात्र टाळता येत नाही.

आर्क्टिकमध्ये सुमारे चाळीस लाख माणसे राहतात. इन्यूट, सामी आणि इतर मूलनिवासी समाज तिथे हजारो वर्षे नांदत आहेत. कोणत्या बर्फावर पाऊल टाकावे आणि कोणत्यावर नाही, हे त्यांचे ज्ञान पिढ्यांनी जपलेले आहे, आणि बर्फाचे वागणे बदलल्याने ते आज संकटात आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या आर्क्टिक परिषदेत आठ देशांबरोबर सहा मूलनिवासी संघटनांनाही कायमचे स्थान आहे. भारत २०१३ पासून तिथे निरीक्षक आहे. वरळी आणि माहीमच्या कोळीवाड्यांतल्या वडीलधाऱ्यांना उधाण आणि भांग यांचा हिशेब तिथीवरून तोंडपाठ असतो. किनाऱ्याविषयीचा निर्णय घेताना त्यांना असे कायमचे स्थान आपण दिले आहे का, हा प्रश्न हे पुस्तक वाचताना मनात येत राहील. मध्य आर्क्टिक महासागरात व्यावसायिक मासेमारी सुरू होण्याआधीच दहा पक्षांनी एकत्र येऊन ती सोळा वर्षे न करण्याचा करार २०१८ साली केला, आणि २०२१ पासून तो लागू आहे. आधी अभ्यास, मग जाळे, हा त्याचा अर्थ. पावसाळ्यात बोट किनाऱ्याला लावून माशांना वाढू देणाऱ्या कोळी समाजाला हा विचार नवा नाही. यांत्रिक ट्रॉलरच्या युगात तो पाळणे अवघड झाले आहे, एवढेच.

नोंद तुटली की काय होते, याचा धडाही आर्क्टिकनेच दिला आहे. आर्क्टिक महासागराच्या किनाऱ्याचा निम्म्याहून अधिक भाग रशियाचा आहे. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर आर्क्टिक परिषदेचे काम थांबले आणि रशियाशी असलेले बरेचसे वैज्ञानिक सहकार्य खंडित झाले. सैबेरियातल्या गोठलेल्या मातीचे कितीतरी आकडे तेव्हापासून जगापर्यंत पोहोचेनासे झाले. हरवलेल्या वर्षाचे मोजमाप नंतर करता येत नाही. याउलट, मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी त्यामुळे बिघडणार हे दिसताच, वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात ते काम अलिबागला हलवले गेले. तेव्हा १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी केली गेली, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा निखळू नये. विज्ञानातली प्रामाणिक काळजी म्हणजे काय, हे शिकवायला मला याहून चांगले उदाहरण माहीत नाही, आणि ते आपल्याच शहरातले आहे.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्या भागात बर्फ, समुद्र आणि हवा यांचे शास्त्र सोप्या मराठीत सांगितले आहे. दुसऱ्यात ‘हिमाद्री’ आणि तिथल्या भारतीय संशोधनाचा वृत्तांत आहे. तिसरा भाग आर्क्टिकच्या माणसांचा, कायद्यांचा आणि करारांचा आहे. स्वालबार्डच्या बियाणे कोठारात हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने ठेवलेल्या ज्वारी, बाजरी, तूर, हरभऱ्याच्या वाणांची हकीकतही त्यात येते. चौथा भाग पुन्हा मुंबईत येतो : भरती, नाले, तिवरे आणि कचराभूमीवर उभे राहिलेले माहीमचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान. ज्याला शास्त्राची धास्ती वाटते, त्याने चौथ्यापासून सुरुवात करून उलट वाचत जावे, हरकत नाही.

मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये जाहीर झाला. २०५० पर्यंत शहराचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. ते गाठले जाते की नाही, हे केवळ भाषणांवरून कळणार नाही. नाल्याची पातळी, हवेतले कण, तिवरांचे क्षेत्र, गल्लीतला पाऊस यांच्या नोंदी नागरिकांना खुल्या असाव्यात, मराठीत असाव्यात आणि सत्ता बदलली तरी चालू राहाव्यात, अशी मागणी करण्याचा आपला हक्क आहे. शाळांनी पर्जन्यमापक गच्चीवर ठेवावा. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी वास्कोच्या केंद्राकडे प्रस्ताव पाठवावेत, ते देशभरच्या विद्यापीठांतून मागवले जातात. पुढच्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षाची तयारी २०३२-३३ साठी सुरू आहे. आज परळच्या किंवा गिरगावच्या शाळेत नववीत असलेली मुलगी तेव्हा संशोधन करण्याच्या वयाची असेल. तिच्या हाती हे पुस्तक वेळेत पडावे, यासाठी ते लिहिले आहे.

दादर, मुंबई